अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र : ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलांसाठी

प्रति,
अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काम करते. मी स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच या देशात आले आणि गेली अनेक वर्षं माझ्या शहरातल्या मंडळाची सभासद आहे. म्हणून हे पत्र घरातल्याच माणसांना लिहिते आहे असं समजा.

मागणी एकच आहे. दरवर्षी ऑगस्ट महिना मंडळाने नव्याने शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, सभागृहही लागत नाही. गाडी असलेली, शहर माहीत असलेली आणि आठवड्यातले दोन-तीन तास देऊ शकणारी माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे आहेत. नेमक्या याच दिवसांत आपण गणपतीच्या तयारीत बुडालेले असतो हे मला ठाऊक आहे. मखर, प्रसाद, नाटकाच्या तालमी, तिकिटविक्री या सगळ्यात मीही असते. तरीही ही मुलं पोचतात ती याच दिवसांत, आणि त्यांचे पहिले तीन आठवडे बरे गेले की पुढची दोन वर्षं सोपी होतात, हे मी दरवर्षी पाहते.

२०२३–२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. आपल्यापैकी जे नव्वदच्या दशकात आले, त्यांच्या वर्गात एखाद-दुसरा मराठी मुलगा असायचा आणि तो बहुधा पुण्या-मुंबईचा असायचा. आता आमच्या खिडकीशी उभी राहणारी मुलं अकोल्याची, लातूरची, जळगावची, सोलापूरची असतात. अनेकांच्या घरातून परदेशात गेलेलं ते पहिलंच माणूस. एमएससाठी वीस, तीस, चाळीस लाखांचं कर्ज काढलेलं असतं आणि त्यापोटी राहता फ्लॅट किंवा वडिलांची जमीन गहाण पडलेली असते. चूक परवडणार नाही, ही जाणीव घेऊनच ती विमानातून उतरतात.

तुम्ही विचाराल, मग विद्यापीठ काय करतं? आम्ही ओरिएंटेशन घेतो. पासपोर्ट, व्हिसा आणि आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) तपासतो, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी सेव्हिस प्रणालीत नोंदणी करतो, किती क्रेडिटचे विषय घ्यायचे ते सांगतो, पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायला बजावतो. प्रवासाने झोप उडालेल्या मुलांना दोन दिवसांत हे सगळं सांगायचं असतं, त्यातलं निम्मं त्यांच्या कानावरून जातं. पण आमच्या कामाला कुंपण आहे. अमुक घरमालक चांगला आहे असं आम्ही सांगू शकत नाही. कुणाला विमानतळावरून आणून आठवडाभर घरी ठेवू शकत नाही. आईला व्हिडिओ कॉल करून 'काकू, पोरगी पोचली, जेवली, काळजी करू नका' असं मराठीत सांगण्याची सोय कुठल्याच कार्यालयात नसते.

सगळ्यात आधी घराबद्दल बोलते, कारण बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीस दिवस अमेरिकेत येता येतं. बरीच मुलं ऑगस्टच्या सुरुवातीला पोचतात. विद्यापीठांच्या गावांत भाडेकरार मात्र बऱ्याचदा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात. मधले दहा-बारा दिवस कुठे काढायचे? एखाद्या सीनियरच्या हॉलमध्ये, जमिनीवर, आधीच तिथे झोपलेल्या चौघांच्या शेजारी. सीनियर मुलं हे मनापासून करतात आणि त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण तीही बावीस-तेवीस वर्षांची आहेत आणि त्यांच्या लीजमध्ये इतके पाहुणे ठेवायची परवानगी नसते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी मुलं कॉलेजला गेल्यामुळे एक खोली रिकामी असते. ती आठवडाभर द्यायला काय हरकत आहे?

पुढचा प्रश्न घर मिळवण्याचा. घरमालक क्रेडिट हिस्टरी (आधीची कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) मागतो, सोशल सिक्युरिटी नंबर हा सरकारी क्रमांक मागतो, भाड्याच्या तिप्पट उत्पन्न दाखवा म्हणतो. नव्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसतं. सोशल सिक्युरिटी नंबरही कॅम्पसवर नोकरी मिळाल्याशिवाय सहसा मिळत नाही. मग मुलं इंटरनेटवरच्या जाहिरातींकडे वळतात आणि तिथे टोळ्या टपून बसलेल्या असतात. कुठल्यातरी खऱ्या घराचे फोटो उचलायचे, भाडं थोडं कमी लावायचं, 'मी सध्या गावाबाहेर आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं सांगायचं, ही त्यांची ठरलेली रीत. सांगलीत बसलेल्या मुलाला हे खरं की खोटं कसं कळणार? आणि तुम्हाला मात्र ते वीस मिनिटांत कळू शकतं. गाडी काढा, त्या पत्त्यावर जा, दार वाजवा. घर आहे का, भाड्याने द्यायचं आहे का, बस किती लांब आहे, रात्री रस्त्यावर दिवे असतात का, एवढं पाहा आणि फोनवरून दाखवा. मंडळाने वर्षभरात दुसरं काहीही केलं नाही आणि एवढंच केलं, तरी कित्येक घरांचे लाखभर रुपये वाचतील.

तसंच कराराचं. आपल्यात वकील आहेत, घरं भाड्याने देणारेही आहेत. सही करण्यापूर्वी त्या मुलांबरोबर बसून एकदा करार वाचा. अनेक करारांत चारही रूममेट पूर्ण भाड्याला एकत्रित जबाबदार असतात. एक जण दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळाली म्हणून निघून गेला, तर उरलेल्या तिघांकडून सगळं भाडं वसूल होऊ शकतं. आत शिरल्या दिवशी भिंतींचे, गालिच्याचे, ओव्हनचे फोटो काढून ठेवा, म्हणजे जाताना डिपॉझिटवरून वाद होणार नाही, हे सांगायला कुणीतरी मोठं माणूस जवळ हवं.

इथे मला आनंदीबाई जोशींची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा तिला घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. नातं नाही, जात-धर्म-भाषा एक नाही. दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना एका मिशनरी मासिकात त्यांनी आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि आपणहून पत्रव्यवहार सुरू केला, इतकाच काय तो संबंध. आनंदीबाई न्यू जर्सीत रोझेलला त्यांच्या घरी राहिल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि मग शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपण आपल्या कार्यक्रमांत त्यांच्यावर एकांकिका बसवतो, निबंधस्पर्धा घेतो. ते करावंच. पण त्या गोष्टीतलं कार्पेंटरबाईंचं काम आज आपल्या वाट्याला आलं आहे असं मला वाटतं.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत लिहिते. राग मानू नका, कारण यात मुलांचं आयुष्य पणाला लागतं. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर रीतसर परवानगीशिवाय एक तासही काम करता येत नाही. हे नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. तरीही आपल्याच लोकांच्या दुकानांत, हॉटेलांत, पेट्रोल पंपांवर ही मुलं रोखीने काम करताना दिसतात आणि 'आम्ही त्यांना मदतच करतो' असं आपण एकमेकांना सांगतो. ही मदत नाही. एखाद्या विद्यार्थ्याचा एफ-१ दर्जा काही कारणाने मोडला, तर तो पूर्ववत करून मागण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ज्याने परवानगीशिवाय काम केलं आहे त्याला तो मार्ग बंद असतो. ताशी आठ-दहा डॉलरसाठी आपण त्या मुलाची पदवी, पुढची ओपीटी (शिक्षणाशी संबंधित काम करण्याची तात्पुरती परवानगी) आणि वडिलांची गहाण जमीन डावावर लावतो. वर, मजुरी बुडवली तर तो भीतीने तक्रारही करत नाही, आणि हे माहीत असल्यामुळेच काही मालक ती बुडवतात.

हेच मंडळाच्या पाकिटालाही लागू आहे, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात विद्यार्थ्याने तबला वाजवला आणि आपण प्रेमाने मानधनाचं पाकीट हातात दिलं, तर तेही कामाचा मोबदलाच ठरतं. बाळाला सांभाळायला शनिवारी येशील का, रोजचे दोन डबे करून देशील का, हेही त्यातच आलं. पैसे देऊन काम करून घेऊ नका. जेवायला बोलवा, जुनी सायकल द्या, हिवाळी कोट द्या, गादी आणि टेबल द्या. ज्याच्या ओळखीने कॅम्पसवरच्या लायब्ररीत, डायनिंग हॉलमध्ये किंवा एखाद्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जागा असल्याचं कळेल, त्याने ती बातमी मुलांपर्यंत पोचवावी. ही खरी मदत.

तब्येतीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आपल्यात डॉक्टरांची कमी नाही आणि त्यांना मी काय सांगणार. आरोग्य विम्याचे हजारो डॉलर भरूनही मुलं बिलाच्या भीतीने आजार अंगावर काढतात आणि आईने बॅगेत भरून दिलेल्या गोळ्या घेत राहतात. विद्यापीठाच्या दवाखान्यात साधी तपासणी बऱ्याचदा फीमध्येच धरलेली असते, हे त्यांना माहीत नसतं. अर्जंट केअरला (तातडीच्या पण साध्या दुखण्यांच्या दवाखान्यात) जायचं तेव्हा मुलं इमर्जन्सीत जातात आणि मोठं बिल घेऊन येतात. उलट छातीत दुखत असताना रूममेटच्या गाडीची वाट पाहत बसतात. डॉक्टर सभासदांनी ऑगस्टमध्ये फक्त तासभर द्यावा. औषधं लिहून द्यायची गरज नाही. कशासाठी कुठे जायचं, विम्याच्या नेटवर्कमधला डॉक्टर म्हणजे काय, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) कशाला म्हणतात आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायला कधीही कचरायचं नाही, एवढं मराठीत सांगावं. आपल्या भाषेत एकदा ऐकलेलं वेळेला आठवतं.

अभ्यासाच्या बाबतीतही एक इशारा वडीलधाऱ्यांकडून गेला तर बरं होईल. आपल्याकडे मित्राची जर्नल उतरवून काढणं, जुन्या असाइनमेंट पुढच्या बॅचला देणं याला कुणी गुन्हा मानत नाही, उलट ती मैत्रीची खूण असते. इथे तोच प्रकार पहिल्या सत्रात शिस्तभंगाच्या सुनावणीपर्यंत नेतो. एका विषयात नापासाचा शेरा आला आणि सरासरी ३.० च्या खाली गेली, की पदव्युत्तर विद्यार्थी बहुतेक ठिकाणी प्रोबेशनवर, म्हणजे ताकिदीवर, जातो. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जाऊन बसायला मुलं संकोचतात, सरांना त्रास कशाला द्यायचा म्हणून. ते तास त्यांच्यासाठीच ठेवलेले असतात, हे जो इथे शिकलाय त्याने सांगावं.

आता आपल्या दारातल्या पहिल्या प्रश्नाबद्दल. नवा मुलगा मंडळाच्या कार्यक्रमाला आला की आपण नाव विचारतो, लगेच आडनाव विचारतो, मग 'म्हणजे मूळचे कुठले?' असं विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन, अनुसूचित जातीतून, घरातली पहिली पदवीधर म्हणून आलेल्या मुलीला त्या प्रश्नांचा अर्थ लहानपणापासून कळत असतो. अशी मुलं एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत. मी त्यांना विचारलं आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं, 'मॅडम, तिथे आमचं कुणी नाही.' हे ऐकून मला मंडळाची सभासद म्हणून फार वाईट वाटलं.

१९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात आले. वसतिगृहात नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची गाठ पडली, दोघे एकत्र राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. अमेरिकेतल्या मराठी विद्यार्थ्यांचा इतिहास सांगताना हे पान आपण अभिमानाने वाचतो. मग आज त्याच वाटेने आलेल्या मुलांना आपल्या मंडळात परकं का वाटावं? २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने केला. विद्यापीठांना तशी गरज वाटली, याचा आपणही विचार करायला हवा. नाव विचारा, काय शिकतोस विचारा, जेवलास का विचारा. आडनाव कळायला पुष्कळ वेळ आहे.

आणि ऑगस्ट संपला म्हणजे काम संपलं असं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लवकर अंधार पडतो, पहिल्या सत्राचे निकाल आलेले असतात, इंटर्नशिपच्या शंभर अर्जांना नकार येत असतो. इथे रात्र तेव्हा घरी सकाळ. मुलगा फोनवर 'सगळं छान चाललंय' म्हणतो, कारण हप्त्यांची चिंता करणाऱ्या आईवडिलांना तो आणखी काय सांगणार? याच दिवसांत मुलं वर्गात यायची थांबतात, मेसेजला उत्तर देत नाहीत. ऑगस्टमध्ये ज्याने त्याला विमानतळावरून आणलं, त्या काकांचा किंवा ताईचा फोन तो उचलतो. आमच्या कार्यालयाचा उचलत नाही. म्हणून एकेका कुटुंबाने एक-दोन मुलं आपली मानावीत आणि वर्षभर, महिन्यातून एकदा तरी, चौकशी करावी. संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या निमित्ताने खोलीवर जाऊन या. खोली पाहिली की बरंच कळतं. मुलाचं काही बिनसलंय असं वाटलं तर 'अरे, एवढं काय मनावर घेतोस' म्हणून विषय बंद करू नका. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात त्याच्याबरोबर चालत जा. जीव द्यायची भाषा करत असेल तर ९८८ हा मदतीचा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. तो तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

मंडळांकडून नेहमी येणारं उत्तर मला ठाऊक आहे : 'मुलं येतच नाहीत हो, आली तर फुकट जेवून जातात.' जेवून जाऊ द्या. एकवीस वर्षांचं लेकरू घरापासून आठ-दहा हजार मैलांवर वरण-भात जेवायला आलं, तर मंडळाचं काही कमी होत नाही. पहिल्या वर्षाचं सभासदत्व विनामूल्य ठेवा. गणपतीला बोलावलंत तर आधी दर्शन-जेवण होऊ द्या, लगेच खुर्च्या उचलायला लावू नका. आणि गाडीची सोय करा. विद्यापीठापासून पंचवीस मैलांवरच्या शाळेत कार्यक्रम ठेवून, जिथे रविवारी बस जात नाही, तिथे विद्यार्थी आले नाहीत म्हणून रुसण्यात अर्थ नाही.

बृहन्महाराष्ट्र मंडळालाही माझी विनंती आहे. १९८१ पासून तुम्ही इतक्या मंडळांना एका धाग्यात बांधून ठेवलं आहे, दर दोन वर्षांनी हजारो माणसांचं अधिवेशन भरवता. ज्या संस्थेला एवढं जमतं तिला विद्यापीठांच्या गावांची यादी करून प्रत्येक गावासमोर जवळच्या मंडळातल्या एका माणसाचं नाव लिहिणं अवघड नाही. ती यादी महाराष्ट्रातल्या मुलांना व्हिसाच्या मुलाखतीआधी मिळाली पाहिजे. छोट्या गावांत मंडळ नसेल तर एक कुटुंब पुरे.

आमच्या शहरात या कामाला मी स्वतःचं नाव दिलं आहे. दोन डॉक्टर, एक वकील आणि रिकाम्या खोल्या असलेली काही घरं सोबत आली आहेत. तुमच्याकडे हे काम कोण अंगावर घेणार, ते मे महिन्याच्या बैठकीत ठरवून टाका. जुलैपर्यंत थांबू नका, कारण आय-२० हातात पडलेली मुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनच घरं शोधू लागतात आणि डिपॉझिटचे पैसे तेव्हाच बुडतात.

आपली,
मंडळाची एक सभासद